यंत्र खरे, माणूस खोटा?

गल्ल्यातली रोकड आणि वहीतला आकडा यांचा मेळ बसला नाही, तर प्रामाणिक माणसाला रात्री झोप लागत नाही. दुकानदार असो, बँकेतला रोखपाल असो की महिला मंडळाची खजिनदार, हा अनुभव प्रत्येकाला कधी ना कधी आलेला असतो. शंभर रुपये कमी भरले की माणूस आधी स्वतःवरच संशय घेतो. सुटे देताना चूक झाली का? एखादी नोट दोनदा मोजली गेली का? पावत्या पुन्हा चाळल्या जातात, बेरीज पुन्हा केली जाते आणि बहुतेक वेळा चूक सापडते. कारण वही आपल्याच हातची असते. तिचे प्रत्येक पान उलटून पाहता येते.

पण वहीच आपल्या हातात नसेल तर? आकडा कुठे तरी दूर ठेवलेल्या यंत्रातून येत असेल, तो कसा आला हे तपासण्याची सोय नसेल आणि ‘यंत्र चुकत नाही’ असे वरिष्ठ ठामपणे सांगत असतील तर?

अशा वेळी काय होते, हे ब्रिटनमधल्या नऊशेहून अधिक लोकांनी आपल्या आयुष्याची किंमत मोजून अनुभवले आहे. ही माणसे गावोगावची पोस्ट ऑफिसे चालवणारी. १९९९ ते २०१५ या काळात त्यांना चोरी, अफरातफर आणि खोटे हिशेब यांसारख्या गुन्ह्यांसाठी दोषी ठरवण्यात आले. त्यांच्याविरुद्धचा मुख्य पुरावा होता संगणकाने दाखवलेला आकडा. पुढे न्यायालयातच सिद्ध झाले, की त्या आकड्यावर विसंबून राहता येत नव्हते. तोपर्यंत कित्येकांची घरे गेली होती, काही जण तुरुंगात जाऊन आले होते आणि काही जण हा दिवस पाहायला उरलेच नव्हते.

आज आपल्याकडेही बँक, पोस्ट, रेशन दुकान, वीज बिल आणि कचेरीतली हजेरी संगणकावर आली आहे. सायबर सुरक्षा म्हटले की डोळ्यांसमोर येतो तो परदेशात बसलेला चोर. पण चोर बाहेरचा नसतानाही यंत्र माणसाचा घात कसा करू शकते, हे समजून घ्यायचे असेल तर ही हकिगत मुळापासून पाहायला हवी.

दुकानातल्या कोपऱ्यातले पोस्ट

ब्रिटनमधली बहुसंख्य पोस्ट ऑफिसे छोट्या दुकानांत चालतात. पुढे बिस्किटे, दूध, वर्तमानपत्रे आणि कोपऱ्यात पोस्टाची खिडकी. ती चालवणाऱ्याला सबपोस्टमास्तर म्हणतात. तो पगारी नोकर नसतो. पोस्ट ऑफिस या सरकारी मालकीच्या संस्थेशी त्याचा करार झालेला असतो. आयुष्यभराची पुंजी घालून, प्रसंगी घर गहाण टाकून असे दुकान घेतले जाते. अनेक जोडप्यांनी निवृत्तीनंतरचा आधार म्हणून, तर भारतातून आणि इतर देशांतून येऊन स्थायिक झालेल्या अनेक कुटुंबांनी प्रतिष्ठेचा व्यवसाय म्हणून ही जबाबदारी घेतली होती. गावात पोस्टमास्तरला मान असे. म्हाताऱ्या माणसांचे निवृत्तिवेतन त्याच्याच हातून जाई.

१९९९ साली या पोस्टांमध्ये ‘होरायझन’ नावाची संगणक प्रणाली बसवायला सुरुवात झाली. ती तयार केली होती आयसीएल या कंपनीने. ही कंपनी पुढे जपानच्या फुजित्सू या नावाखाली आली. कागदी हिशेब गेले. तिकिटे, पैसे भरणे, पैसे देणे अशी प्रत्येक नोंद पडद्यावर होऊ लागली आणि दिवसअखेर किती रोकड असायला हवी, ते यंत्र सांगू लागले.

थोड्याच दिवसांत ठिकठिकाणी तूट दिसू लागली. कुठे काहीशे पौंड, कुठे हजारो. करारावर बोट ठेवून तूट भरून देण्याची जबाबदारी पोस्टमास्तरांवर टाकली जाई. बहुतेकांनी ती निमूटपणे भरली. कुणी दुकानाच्या विक्रीतून भरली, कुणी बचत मोडून, कुणी नातेवाइकांकडून उसने घेऊन.

‘असे फक्त तुमच्याच बाबतीत होते’

हॅम्पशर परगण्यातल्या साउथ वॉर्नबरो या खेड्यात जो हॅमिल्टन नावाच्या बाई दुकान आणि पोस्ट चालवत. एके दिवशी यंत्राने सुमारे दोन हजार पौंडांची तूट दाखवली. त्यांनी मदतकेंद्राला फोन केला. पलीकडची व्यक्ती सांगत गेली तशी त्या बटणे दाबत गेल्या, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत तूट दुप्पट झाली. पुढे ती वाढतच गेली. त्यांनी घरावर पुन्हा कर्ज काढले. शेवटी त्यांच्यावर ३६ हजार पौंडांच्या चोरीचा आरोप आला.

मदतकेंद्राला फोन करणाऱ्या कित्येकांना एकच उत्तर मिळाले, ‘अशी अडचण दुसऱ्या कुणालाच येत नाही.’ हे खरे नव्हते. पण प्रत्येकाला ते खरे वाटले. यंत्र सगळीकडे नीट चालते आणि फक्त आपल्याकडे चुकते, म्हणजे दोष आपलाच असला पाहिजे, असा समज करून माणसे गप्प बसली. काहींनी घरातल्या माणसांनाही सांगितले नाही. पतीने पत्नीपासून लपवले, आईने मुलांपासून. लाज ही फार मोठी गोष्ट असते. तिने शेकडो माणसांना एकमेकांपासून तोडून टाकले.

यात आणखी एक सापळा होता. ठरावीक मुदतीच्या शेवटी हिशेब बंद करताना, रोकड आणि यंत्रातला आकडा जुळतो, असे पोस्टमास्तरला जाहीर करावे लागे. तसे केल्याशिवाय पुढच्या मुदतीचे काम सुरू करता येत नसे. सुरुवातीला वादातली रक्कम बाजूला टाकण्याची सोय होती. २००५ च्या सुमारास तीही बंद झाली. मग पर्याय दोनच उरले. एक तर तूट खिशातून भरा किंवा ती आपल्या नावावर कबूल करून हप्त्याने फेडा. ज्याच्याजवळ पैसे नव्हते आणि ज्याला न केलेल्या चुकीची कबुली द्यायची नव्हती, तो नाइलाजाने ‘जुळते’ असे लिहून मोकळा होई. पुढच्या महिन्यात यंत्र ताळ्यावर येईल अशी त्याला आशा असे.

आणि नेमकी तीच सही पुढे त्याच्याविरुद्धचा पुरावा ठरे. व्यवस्थेने आधी प्रामाणिक माणसाला खोटे लिहायला भाग पाडले आणि मग त्या खोट्याबद्दल त्याला गुन्हेगार ठरवले. जो हॅमिल्टन यांच्याबाबत हेच घडले. चोरीचा आरोप मागे घेतला जावा म्हणून त्यांनी खोटे हिशेब लिहिल्याचा गुन्हा कबूल केला. २००८ साली न्यायालयात त्यांच्यासोबत गावातली माणसे येऊन बसली होती. पैसे भरण्यासाठी वर्गणीही गावानेच जमवली. शेजाऱ्यांचा आपल्या पोस्टमास्तरणीवर विश्वास होता. तिच्या संस्थेचा मात्र नव्हता.

वाढदिवसाच्या दिवशी शिक्षा

सीमा मिश्रा या भारतीय वंशाच्या महिलेने २००५ साली सरे परगण्यातल्या वेस्ट बायफ्लीट इथले पोस्ट घेतले. अगदी पहिल्या दिवसापासून तिथे हिशेबात फरक येऊ लागला. त्यांनी दुकानाच्या उत्पन्नातून भरणा केला, नातेवाइकांकडून पैसे घेतले. तरीही आकडा थांबेना. अखेर सुमारे ७४ हजार पौंड चोरल्याचा आरोप त्यांच्यावर ठेवण्यात आला. हिशेब जुळत असल्याचे खोटे लिहिले, हे त्यांनी कबूल केले. चोरी मात्र ठामपणे नाकारली.

बचाव पक्ष होरायझनच्या नोंदी वारंवार मागत राहिला. आवश्यक ती माहिती त्यांना मिळाली नाही. खटला सुरू होण्याच्या तोंडावर होरायझनमधल्या एका बिघाडाविषयीचा लेखी अहवाल पोस्ट ऑफिसच्या कायदा विभागापर्यंत पोचला होता, असे पुढे चौकशीत उघड झाले. तो कागद बचाव पक्षाच्या हाती दिला गेला नाही. फुजित्सूच्या अभियंत्याची साक्ष झाली, ज्यूरीने सीमा मिश्रांना दोषी ठरवले आणि नोव्हेंबर २०१० मध्ये त्यांना पंधरा महिन्यांची शिक्षा सुनावण्यात आली. त्या दिवशी त्यांच्या मुलाचा दहावा वाढदिवस होता. त्या स्वतः आठ आठवड्यांच्या गरोदर होत्या. सुटकेनंतर दुसऱ्या मुलाला जन्म देताना त्यांच्या पायात नजर ठेवणारी इलेक्ट्रॉनिक पट्टी होती.

निकालानंतर पोस्ट ऑफिसच्या एका वकिलाने सहकाऱ्यांना समाधानाने कळवले, की आता होरायझनला नावे ठेवणाऱ्या इतरांनाही जरब बसेल. ही एकच गोष्ट त्या कचेरीतल्या वातावरणाची कल्पना द्यायला पुरेशी आहे. पोस्ट ऑफिसच्या तपासनिसांना दिलेल्या एका मार्गदर्शक कागदात आरोपींची वंशावरून वर्गवारी करण्यासाठी अपमानास्पद शब्द वापरलेले होते, हे २०२३ साली उघड झाले. त्याबद्दल संस्थेला माफी मागावी लागली.

यॉर्कशरच्या किनाऱ्यावरच्या ब्रिडलिंग्टन गावचे ली कॅसलटन यांची कहाणी वेगळी. त्यांनी मदतकेंद्राला ९१ वेळा फोन केला होता. सुमारे २५ हजार पौंडांच्या तुटीसाठी पोस्ट ऑफिसने त्यांच्यावर दिवाणी दावा लावला. वकील परवडत नसल्याने ते स्वतःच उभे राहिले आणि २००७ साली हरले. दाव्याचा खर्च म्हणून ३ लाख २१ हजार पौंड त्यांच्या माथी मारले गेले. त्यांचे दिवाळे निघाले. शाळेत त्यांच्या मुलांना चोराची मुले म्हणून हिणवले गेले. वेल्समधल्या नोएल टॉमस यांनी टपालखात्यात चार दशकांहून अधिक काळ काढला होता. त्यांचा साठावा वाढदिवस तुरुंगात गेला.

यंत्रात काय बिघडले होते?

संगणक बेरीज चुकतो, असा याचा अर्थ नाही. बेरीज तो बरोबरच करतो. पण कोणत्या आकड्यांची बेरीज करायची हे त्याला माणसाने लिहिलेल्या सूचना सांगतात, आणि त्या सूचनांत चुका राहू शकतात.

स्कॉटलंडमधल्या डॅलमेलिंग्टन गावाच्या नावाने ओळखला जाणारा बिघाड पाहिला की हे लक्षात येईल. २०१५ साली तिथल्या पोस्टमास्तरणीने एका शाखेतून दुसऱ्या फिरत्या शाखेसाठी आठ हजार पौंडांची रोकड नेल्याची नोंद केली. पडदा गोठला. कुणीही करील तेच तिने केले. पुन्हा बटण दाबले, मग पुन्हा. प्रत्येक वेळी यंत्राने आठ हजारांची नवी नोंद करून घेतली. अशा चार नोंदी झाल्या. पिशवीत आठ हजार आणि यंत्रात बत्तीस हजार. म्हणजे क्षणार्धात चोवीस हजार पौंडांची तूट. खरे तर एक पैही कुठे गेली नव्हती.

दुसरा मुद्दा अधिक गंभीर आहे. फुजित्सूच्या कचेरीत बसलेली माणसे दूरवरून कोणत्याही शाखेच्या हिशेबात नोंदी घालू शकत होती आणि पोस्टमास्तरला त्याचा पत्ता लागेलच असे नव्हते. फुजित्सूचे माजी अभियंता रिचर्ड रोल यांनी २०१५ मध्ये बीबीसीच्या कार्यक्रमात हे उघडपणे सांगितले. तसे करणे अशक्य आहे असे पोस्ट ऑफिस वर्षानुवर्षे म्हणत आले होते. न्यायालयात मात्र त्यांना ते मान्य करावे लागले.

सायबर सुरक्षेचा खरा प्रश्न इथे येतो. कुलूप मजबूत आहे का, एवढे विचारून भागत नाही. दुसरी किल्ली कुणाजवळ आहे, ती कधी वापरली गेली आणि त्याची नोंद कोण ठेवतो, हेही विचारावे लागते. ज्या गल्ल्यात दुसऱ्याचा हात जाऊ शकतो, त्या गल्ल्यातल्या तुटीसाठी एकट्याला जबाबदार कसे धरायचे?

गप्प बसलेली माणसे

या सर्व प्रकारात एखादा कारस्थानी खलनायक शोधू गेले तर हाती फारसे लागत नाही. मदतकेंद्रातला कर्मचारी ठरलेले उत्तर देत होता. तपासनीस आकडा पाहून आरोप ठेवत होता. अभियंता बिघाड दुरुस्त करून पुढच्या कामाला लागत होता. वकील खटला जिंकत होता. वरचे अधिकारी संस्थेचे नाव जपत होते. प्रत्येकाने आपापले काम केले आणि या सर्व कामांची बेरीज भयंकर झाली.

इंग्लंड आणि वेल्समध्ये खासगी संस्थेलाही फौजदारी खटला भरता येतो. त्यामुळे ज्या संस्थेचे पैसे गेल्याचे म्हणणे होते, तीच तपास करत होती आणि खटलाही तीच भरत होती. तिला अडवून प्रश्न विचारणारा बाहेरचा माणूस मध्ये कुणीच नव्हता. इतकी वर्षे नीट वागलेली शेकडो माणसे नवे यंत्र येताच एकाएकी चोर कशी झाली, हा साधा प्रश्न कुणी विचारला नाही. आणि ज्यांनी विचारला त्यांचे ऐकले गेले नाही.

२०१२ साली पोस्ट ऑफिसने ‘सेकंड साइट’ या तज्ज्ञ हिशेब तपासनिसांना नेमले. त्यांनी जुलै २०१३ मध्ये यंत्रातल्या दोषांचा आणि सदोष तपासाचा उल्लेख असलेला अंतरिम अहवाल दिला. त्याच महिन्यात पोस्ट ऑफिसच्याच एका वकिलाने लेखी सल्ला दिला, की फुजित्सूच्या तज्ज्ञ साक्षीदाराने ठाऊक असलेले बिघाड न्यायालयापासून लपवले आहेत. हा कागद शिक्षा झालेल्यांच्या हाती पडायला २०२० साल उजाडले. सेकंड साइटला २०१५ मध्ये घरी पाठवण्यात आले. ज्या संस्थेत वाईट बातमी आणणाऱ्यालाच दोष दिला जातो, तिथे वाईट बातम्या येणे थांबत नाही. त्या सांगणे तेवढे थांबते.

गावच्या सभागृहातले तीस जण

या भिंतीला पहिले भगदाड पाडले ते वेल्समधल्या एका पोस्टमास्तरने. अ‍ॅलन बेट्स यांच्या यंत्रानेही सुमारे सहा हजार पौंडांची तूट दाखवली होती. त्यांनी स्वतः खोदून पाहिले तेव्हा त्यातली बरीचशी तूट यंत्रानेच निर्माण केल्याचे त्यांच्या लक्षात आले. त्यांनी पैसे भरायला आणि आकडा मान्य करायला नकार दिला. पत्रांमागून पत्रे लिहिली, प्रत्येकाची प्रत जपून ठेवली. २००३ साली त्यांचा करार रद्द झाला. घातलेली पुंजी बुडाली. मात्र त्यांनी काही कबूल केले नव्हते, म्हणून त्यांच्यावर फौजदारी खटला झाला नाही.

मे २००९ मध्ये ‘काँप्युटर वीकली’ या नियतकालिकाने सात पोस्टमास्तरांच्या हकिगती छापल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये फेनी कॉम्प्टन या खेड्यातल्या सभागृहात बेट्स यांनी सभा बोलावली. तीसेक माणसे आली. एकेक जण उठून आपली कथा सांगू लागला आणि इतरांना ती आपलीच वाटू लागली. ‘फक्त तुमच्याच बाबतीत’ हे वाक्य प्रत्येकाने ऐकले होते. ते खोटे ठरायला यंत्रतज्ज्ञ लागला नाही. तीस माणसे एका खोलीत येण्याची गरज होती.

पुढचा लढा दहा वर्षे चालला. ५५५ जणांनी मिळून दावा लावला. डिसेंबर २०१९ च्या निकालपत्रात न्यायमूर्ती फ्रेझर यांनी होरायझनमधले दोष मान्य केले आणि पोस्ट ऑफिसच्या हट्टाची तुलना पृथ्वी सपाट असल्याच्या हट्टाशी केली. तडजोडीत सुमारे ५ कोटी ७७ लाख पौंड ठरले. पण खर्च वजा जाता दावेदारांच्या हाती सुमारे १ कोटी २० लाखच आले. २३ एप्रिल २०२१ रोजी अपील न्यायालयाने ३९ जणांना निर्दोष ठरवले. त्यात सीमा मिश्रा, जो हॅमिल्टन आणि नोएल टॉमस होते.

तरीही सामान्य ब्रिटिश माणूस हलला तो जानेवारी २०२४ मध्ये, या लढ्यावरची मालिका दूरचित्रवाणीवर दाखवली गेली तेव्हा. काही दिवसांतच संस्थेच्या माजी मुख्याधिकारी पॉला व्हेनेल्स यांनी आपला सरकारी किताब परत करत असल्याचे जाहीर केले. फुजित्सूने माफी मागितली. मे २०२४ मध्ये संसदेने खास कायदा करून इंग्लंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमधल्या अशा शेकडो शिक्षा एका फटक्यात रद्द केल्या. स्कॉटलंडनेही तसाच कायदा केला. बेट्स ‘सर’ झाले.

निवृत्त न्यायाधीश सर विन विल्यम्स यांच्या चौकशीचा पहिला खंड जुलै २०२५ मध्ये आला. या प्रकरणापायी किमान तेरा जणांनी आत्महत्या केल्या असाव्यात आणि किमान ५९ जणांच्या मनात तो विचार आला होता, अशी त्यात नोंद आहे. भरपाईस पात्र ठरणाऱ्यांची संख्या दहा हजारांच्या घरात आहे. गेलेली वर्षे कोणत्याही धनादेशाने परत येत नाहीत.

कायद्याचा कल कुणाकडे?

न्यायालयांनी यंत्रावर एवढा विश्वास का ठेवला, याचे एक कारण कायद्यात आहे. इंग्लंडमध्ये १९८४ च्या कायद्यानुसार संगणकाचा पुरावा द्यायचा तर तो संगणक नीट चालत होता हे दाखवावे लागे. ही अट जाचक वाटल्याने १९९९ च्या कायद्याने ती काढून टाकण्यात आली. तेव्हापासून यंत्र बरोबर असल्याचे गृहीत धरले जाऊ लागले. ते चुकले आहे असे म्हणणाऱ्याने आधी तशी शंका दाखवून द्यायची. खेड्यातल्या दुकानदाराने लक्षावधी ओळींच्या प्रणालीतली चूक कुठून दाखवायची? या गृहीतकाचा फेरविचार करण्यासाठी ब्रिटिश सरकारने जानेवारी २०२५ मध्ये मते मागवली.

योगायोग असा, की इंग्लंडने अट काढली त्याच सुमारास भारताने ती घातली. २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याबरोबर आपल्या पुरावा कायद्यात ‘६५ ब’ हे कलम आले. संगणकातून काढलेला कागद पुरावा म्हणून द्यायचा तर संगणक व्यवस्थित चालत होता, असे जबाबदार व्यक्तीचे प्रमाणपत्र त्याला जोडावे लागते. जालना विधानसभा मतदारसंघातल्या निवडणुकीच्या वादातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेल्या प्रकरणात २०२० साली न्यायालयाने सांगितले, की मूळ उपकरण हजर केले नसेल तर हे प्रमाणपत्र आवश्यकच आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ मध्येही ही तरतूद कायम आहे आणि त्यात तज्ज्ञाच्या सहीची भर पडली आहे.

आपला कायदा या बाबतीत अधिक सावध आहे, यात समाधान मानायला हरकत नाही. पण प्रमाणपत्र म्हणजे शेवटी एक सहीच. सही करणाऱ्याने यंत्र खरोखर तपासले की नेहमीचा छापील मजकूर म्हणून सही ठोकली, यावर तिची किंमत ठरते.

कचेरीत आणि घरात

बहुतेक वादांत प्रकरण न्यायालयापर्यंत जातच नाही. साहेबाच्या खोलीत किंवा बँकेच्या खिडकीवरच निकाल लागतो. ‘सिस्टीममध्ये असेच दाखवते’ या वाक्यापुढे ग्राहक गप्प होतो आणि कर्मचारीही. म्हणून काही सवयी आधीच लावून घेतलेल्या बऱ्या.

पडद्यावरचा आकडा आणि हातातली वस्तू जुळली नाही तर त्या क्षणी वेळ, रक्कम आणि पडद्यावरचा मजकूर टिपून ठेवावा. शक्य असेल तर त्याचा फोटो घ्यावा. तक्रार तोंडी न करता लेखी करावी आणि तिचा क्रमांक मागून घ्यावा. तूट भरावीच लागली तर ‘मान्य नसताना भरत आहे’ असे लिहून भरावी. जे पटत नाही त्यावर ‘बरोबर’ अशी सही करू नये. आपल्या नावाचा परवलीचा शब्द, म्हणजेच पासवर्ड, घाईगर्दीत सहकाऱ्याला देण्याची पद्धत अनेक कचेऱ्यांत आहे. मैत्रीखातर दिलेली ही किल्ली उद्या कुणी कशी वापरली, हे यंत्र सांगणार नाही. ते फक्त आपले नाव सांगेल.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे शेजारच्या टेबलावर विचारावे, ‘तुमच्याकडेही असे होते का?’

वरिष्ठांची जबाबदारी याहून मोठी आहे. वर्षानुवर्षे चोख काम करणाऱ्या माणसाचा हिशेब अचानक चुकू लागला, तर त्याच्याबरोबर यंत्रही तपासायला हवे. आपली चूक सांगायला आलेल्याला आधी खुर्ची द्यावी, मग प्रश्न विचारावेत. तपास करणारा आणि शिक्षा देणारा एकच नसावा. आणि यंत्र पुरवणाऱ्या कंपनीकडून त्यातल्या ज्ञात दोषांची यादी मागायला संकोच वाटू नये.

घरातही एक गोष्ट करता येते. पैशाचा घोळ झालेला माणूस घरी आला की त्याच्या चेहऱ्यावर ते दिसते. जेवणावरची वासना उडते, फोन वाजला की तो दचकतो. अशा वेळी ‘काय करून बसलात?’ असे विचारण्याऐवजी ‘काय झाले?’ असे विचारले, तर बोलणे सुरू होते. जो हॅमिल्टन यांच्या गावाने त्यांना हिशेब विचारला नव्हता. त्यांना माणूस ठाऊक होता.

यंत्रे राहणारच आहेत. त्यांनी कामे सोपी केली आहेत, रांगा कमी केल्या आहेत, कितीतरी खरे चोर पकडूनही दिले आहेत. प्रश्न एवढाच आहे, की यंत्र एक सांगते आणि इतक्या वर्षांची ओळख दुसरे सांगते, तेव्हा थांबून पाहण्याची तसदी कोण घेणार? ब्रिटनमध्ये ती घ्यायला वीस वर्षे लागली.